माझ्या पोटातलं गवत

"दम असेल तर ह्याच्यावर बसून खाण पार करून दाखव."

आयुष हे बोलला आणि सोनूने "बघ मग" म्हणून चप्पल काढली. तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

त्या वाक्यातला ‘ह्याच्यावर’ म्हणजे मी. मी पॅड बोलतोय. रग्बीच्या गोलपोस्टला लोखंडी खांब असतात, त्यांना खालच्या बाजूला जाडजूड गादी बांधतात ना, ती गादी म्हणजे मी. पळता पळता पोरं खांबावर धडकली तर त्यांचं डोकं लोखंडाला न लागता मला लागावं, एवढंच माझं काम. सगळ्यांचा मार खायचा आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटच्या बाकावरच्या पोरांना हे काम पटकन कळेल.

माझं बोलणं आगाऊ वाटलं तर चालवून घ्या. शिक्षण अर्धवट झालंय. शाळा-कॉलेजात मी बरेच दिवस काढले, पण स्टोअररूममध्ये, तुटक्या कॅरमबोर्डाशेजारी. तिथे जेवढं कानावर पडलं तेवढंच शिकलो.

माझा जन्म नगर रोडला, महिपतीकाकांच्या दुकानात. काका रिक्षाच्या सीटा शिवतात. एक दिवस चैतालीताई स्कूटरवर जिमच्या जुन्या मॅट लादून आली आणि म्हणाली, "काका, ह्यांचा फोम कापा आणि जाड गाद्या शिवून द्या. मधे खाच ठेवा, खांब बसेल एवढी."

काका म्हणाले, "बसनार कोन हाय त्याच्यावर?"

"बसणार कुणी नाही. धडकणार आहेत."

काकांनी मशीनमध्ये दोरा ओवला. गिऱ्हाईक येडं असलं तरी गिऱ्हाईक असतं. निळं रेक्झिन, पाठीला चेन, बांधायला नाड्या. आम्ही चार भाऊ तयार झालो. दिसायला मीच बरा होतो, हे बाकीचे तिघं मान्य करणार नाहीत.

चैतालीताई म्हणजे कोण, तर खराडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. शुक्रवारपर्यंत तिथे गोड बोलते आणि शनिवार-रविवार वाघोलीच्या मैदानावर ओरडून घसा बसवते. कॉलेजात असताना स्वतः महाराष्ट्राकडून खेळलीये. आसपासच्या शाळांमध्ये जाऊन जाऊन तिने पोरं गोळा केली. बारक्यांच्या कमरेला रिबनी लावायच्या, समोरच्याने त्या ओढायच्या, अंगाला हात लावायचा नाही. मोठी झाली की मग टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला मिठी मारून पाडायचं. असं करत करत तिने शाळाशाळांची लीग उभी केली. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी.

मैदान एका कॉलेजचं. तिथले प्राचार्य रंगराव सर पहिल्याच दिवशी आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे काय उभं केलंय? फाशी द्यायचीये का कुणाला?"

"सर, गोलपोस्ट आहेत."

"असतील. एक सांगून ठेवतो, चैताली. ज्या दिवशी एखाद्या लेकराला जबर लागेल त्या दिवशी हे मैदान तुम्हाला बंद. मला पालकांची बोलणी खायची हौस नाही."

पुण्यात दुसरं मैदान मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने शोधलंय त्यालाच विचारा. मैदान गेलं की लीग गेली. हे ताईला माहीत होतं, पोरांना माहीत होतं आणि खांबाला टेकून ऐकणाऱ्या मलाही माहीत होतं.

म्हणून ताई पालकांची मीटिंग घ्यायची तेव्हा मला पुढे करायची. "नुसतं माझं ऐकू नका. मारून बघा," असं म्हणायची. आया लाजत लाजत एक चापट मारायच्या. बाप लोक जोरात गुद्दा घालायचे आणि मग हात ठीक असल्याचं एकमेकांना सांगायचे. पूर्वाचे पप्पा, संतोषदादा, कंपनीतून नाइट शिफ्ट करून थेट आले होते. "जयभीम, ताई," म्हणाले, दोन पावलं मागे गेले आणि सरळ डोकं आपटलं माझ्यावर. दादा कपाळ चोळत म्हणाले, "बरंय की. घरच्या उशीपेक्षा बरंय. उद्यापासून पाठवतो पोरीला."

त्या दिवशी मी फुगलो होतो. फोम जास्त झाल्यासारखा.

पूर्वा पळायची कशी सांगू? समोरची पोरगी तिला धरायला वाकायची तोवर ही मागे धूळ सोडून गेलेली असायची. एरवी एक शब्द बोलायची नाही. मॅच संपली की माझ्या बुडाशी बसून बुटातली माती झाडायची.

आता सोनू. सोनू म्हणजे मोठ्या मुलांच्या टीममधला वाघोलीचा नग. रेफरीच्या शिट्टीत टूथपेस्ट भरणारा. शिट्टी वाजवली की फेस यायचा. कोचच्या टोपीत चिकट टेप लावणारा. तो खरं बोलला तरी लोक आधी इकडे तिकडे बघायचे, की कॅमेरा कुणाकडे आहे. मला तो फार आवडायचा. मी पण काही साधा नव्हतो. नवीन पोरगं ऐटीत टेकलं की मी हळूच एका अंगाला सरकायचो आणि ते धपकन खाली बसायचं. सोनूला ते कळायचं, तो माझ्याकडे बघून हसायचा.

तर तो शनिवार. रविवारी पहिल्यांदाच बाहेरगावच्या टीम येणार होत्या, राज्याच्या शिबिरासाठी पोरं निवडणारे येणार होते. ताई मंडईत केळी आणि मोसंबी आणायला गेली होती. सोनू आणि त्याच्याच टीममधला आयुष मैदानावर फक्कीच्या रेषा मारायला थांबले होते. रेषा मारून झाल्या, करायला काही उरलं नाही, आणि आयुषच्या तोंडातून ते वाक्य निघालं.

मैदानाच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. पाण्याने भरलेली, कडेला शेवाळं. दोघांनी मला सोडलं, खांद्यावर घेतलं आणि नेलं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. खांबाला बांधून आयुष्य काढणाऱ्याला सहल म्हणजे काय वाटणार?

सुरुवातीला मी तरंगलो. सोनू माझ्यावर पालथा पडून हाताने पाणी मारत होता आणि "बोट चाललीय, बाजूला व्हा," म्हणून बेडकांना ओरडत होता. अर्ध्यात गेल्यावर माझ्या शिवणीतून पाणी आत यायला लागलं. फोम पाणी पितो ते थांबतच नाही. मी जड झालो, एका बाजूला कललो, सोनू खाली गेला. वर आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. आयुषने रेषा मारायची दोरी फेकली आणि दोघांनी मला कसंबसं ओढत काठावर आणलं.

मला उचलता येईना. चेन उघडली, फोम बाहेर काढला, पिळायला गेले तर जुना फोम हातात तुटायला लागला. शेवटी तो तिथेच दगडावर वाळत टाकला आणि माझी नुसती खोळ घेऊन मैदानावर आले.

आयुष म्हणाला, "ताईला सांगूया का?"

"सांग की. आणि उद्या बाहेर बसून मॅच बघ."

"मग खांब उघडा ठेवायचा?"

मैदानाच्या कोपऱ्यात कापलेल्या गवताचा ढीग पडला होता. सोनूने माझ्या पोटात ते गवत कोंबलं. मधेमधे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घातल्या. चेन लावली, खांबाला बांधलं, थोपटलं. बाहेरून मी टमटमीत. कुणालाही वाटावं, आजच शिवून आलोय.

"एक दिवसाचा तर प्रश्न हाय," सोनू म्हणाला. "उद्या मॅचेस झाल्या की फोम वाळलेला असंल. परत भरू. कुणाच्या बापाला कळत नाय."

मला बोलता आलं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खोडी जमली की पोटात कशा गुदगुल्या होतात, ते माहितीये ना तुम्हाला? मला वाटत होतं, मी पण ह्या कटात आहे.

रविवारी सकाळी ताईने सगळ्या गाद्यांना हात लावून बघितला. मलाही पंजाने दाबलं. गवत मऊच लागतं. ती हसली आणि पुढे गेली.

पहिली मॅच मुलींची. पूर्वा कडेने सुटली, दोघींना चुकवलं आणि ट्राय करायला, म्हणजे बॉल रेषेपलीकडे टेकवायला, आत वळली. माझ्याकडेच. एका पोरीने तिला बाजूने मिठी घातली, अगदी नियमात, अगदी शिकवली तशी. दोघींचा तोल गेला. पूर्वाची मान खाली होती, दोन्ही हातांत बॉल होता.

फोम दबतो आणि परत ढकलतो. गवत दबलं ते दबलंच. एक बाटली फुटल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागून लोखंडाचा.

बॉल तिने सोडला नव्हता.

नंतरचं मी तुकड्यातुकड्यांत ऐकलंय. अ‍ॅम्ब्युलन्स आली, बाहेरगावच्या टीम पुढच्या मॅच न खेळता परत गेल्या. मानेच्या मणक्याला मार बसला होता. पूर्वा वाचली. पण उजव्या हाताची पकड गेली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, आत्ता सांगता येत नाही. तिला पेन धरता येत नाही. वेणी आई घालते.

त्याच दिवशी रंगराव सरांनी सगळ्यांसमोर माझी चेन उघडली. गवत बाहेर पडलं.

"वा, चैताली," ते म्हणाले. "गादी म्हणून गवताचा भारा बांधलात? बैलपोळा होता का?"

ताई म्हणाली, "फोम होता सर. मी स्वतः भरून घेतला होता."

"मग तो काय चरायला गेला?"

महिपतीकाकांना बोलावलं. काकांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "शिवन माझी हाय. गवत माझं न्हाय," एवढं म्हणून ते निघून गेले. ताईने टीमला विचारलं, कुणी हात लावला होता का. आयुष बुटाकडे बघत होता. सोनू पाणी पीत होता. बाटली रिकामी झाली तरी पीतच होता.

मग मी स्टोअररूममध्ये. पोट उघडं, चेन तुटलेली. दाराबाहेरून लोकांचं बोलणं ऐकू यायचं. माणसांची एक सवय मी बघितलीये. मीटिंगमध्ये मला गुद्दे मारून खूश झालेलेच पालक आता म्हणत होते, "आम्हाला तेव्हाच शंका आली होती." शाळांनी एकेक करून पोरं काढून घेतली. रिबनीवाली बारकी पोरं तर काही दिवस फाटकापर्यंत येऊन परत जात होती. ताईला कुणीतरी तोंडावर म्हणालं, की बाईने स्वतःच्या नावासाठी दुसऱ्याची लेकरं वापरली. ती एकदा एकटीच स्टोअररूममध्ये आली, माझ्यासमोर बसली, हाताच्या पंजाकडे बघत राहिली आणि उठून गेली.

माझं आता काही राहिलं नाही. ह्या चेनला कुणी परत हात लावणार नाही, लागलाच तर भंगारवाल्याचा. तुम्हाला एकच सांगतो. कुठल्याही मैदानावर गेलात, तर माझ्यासारख्याला नुसता हात लावून पुढे जाऊ नका. जोरात आपटून बघा. बाहेरून आम्ही सगळे सारखेच दिसतो. शेवटच्या मीटिंगचं सांगतो आणि गप्प बसतो.

कॉलेजच्या हॉलमध्ये मला टेबलावर आडवं टाकलं होतं. शाळांचे क्रीडाशिक्षक, पालक, टीमची पोरं, सगळे आले होते. पूर्वा पप्पांशेजारी बसली होती, मानेला पट्टा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. रंगराव सरांनी पहिल्याच वाक्यात विषय संपवला. मैदान बंद. शाळांनीही माना हलवल्या. वाद घालायला काही उरलंच नाही.

संतोषदादा उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"ताई, मी ह्याच्यावर डोकं आपटून बघितलं होतं. तेव्हा आत काय होतं?"

"फोम होता, दादा."

"मग गवत कुणी भरलं?"

"मला माहीत नाही. पण मैदान माझं होतं. मी दाबून बघितलं, आपटून नाही बघितलं. चूक माझीच आहे. ह्यापुढे मी पोरांना खेळवणार नाही."

दादा उभेच होते. त्यांना हे उत्तर नको होतं, पण दुसरं कुणी देत नव्हतं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. आयुषने सोनूचा शर्ट धरला होता. सोनूने तो सोडवून घेतला.

"गवत मी भरलं," तो म्हणाला.

दोनतीन जण चक्क हसले. क्रीडाशिक्षक सुदर्शन सर म्हणाले, "सोनू, खाली बस. तुझी मस्करी इथे नको."

"मस्करी नाय सर. खाणीच्या काठाला दगडावर फोम पडलाय. अजून हाय. चला, दाखवतो."

हसणारे थांबले. ताईने तोंडावर हात धरला. पूर्वाला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती अख्खीच्या अख्खी खुर्चीत वळली.

"का भरलंस?"

"ह्याच्यावर बसून खाण पार करायची पैज लागली होती. फोम भिजला. ताईला कळलं असतं तर मला मॅच खेळू दिली नसती."

"पहिली मॅच आमची आहे, हे माहीत होतं तुला?"

सोनूने ताईकडे बघितलं, संतोषदादांकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे.

"माहीत होतं. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी रेषेवरच उभा होतो. तू आत वळलीस तेव्हा ओरडायला वेळ होता. मी ओरडलो नाय."