चहा उकळेपर्यंतची शाळा

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वच्छलाबाई कन्नडची शेती दिरावर सोपवून सिडकोत लेकाच्या घरी आल्या. तिथं आल्या आल्या दोन गोष्टींनी त्यांचं डोकं उठलं. एक वॉकर, दुसरी बुंदी.

बुंदी म्हणजे लेकाची, शिवराजची कुत्री. पिवळट अंगावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. वाळूजला कंपनीच्या गेटपाशी पिल्लू होतं तेव्हा त्यानं उचलून आणलेली. स्वभावानं गोड, पण आनंद झाला की समोरच्याच्या अंगावर उडी. नव्या गुडघ्याच्या बाईला ते कसं परवडावं?

"हिला बांधा, नायतर मला कन्नडच्या गाडीत बसवा," वच्छलाबाईंनी बजावलं.

सून तनुजा बँकेत नोकरीला. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. सकाळी चहाचं आधण ठेवलं की तिचा एक डोळा पातेल्यावर आणि एक बुंदीवर. "बस!" बुंदी बसली की भाकरीचा तुकडा. चहा वर यायच्या आत शाळा सुटायची. मग डब्याच्या पोळ्या लाटता लाटता "थांब". दाराशी चप्पल घालताना पुन्हा "बस". संध्याकाळी टीव्हीवर जाहिराती लागल्या की शिवराज खोलीच्या दुसऱ्या टोकाहून "ये, ये" करायचा.

"कुत्र्याला कसली आलीय शाळा?" वच्छलाबाई म्हणाल्या. "शेतावरचा आपला मोत्या कुठं शिकाया गेला व्हता?"

"आई, मला तरी तासभर कुठून मिळणार? आणि तिचंही लक्ष तेवढंच टिकतं. थोडं थोडं, पण रोज." तनुजानं भिंतीला टेकवलेल्या वॉकरकडे बघितलं. "तुम्हालाही डॉक्टरांनी हेच सांगितलंय ना?"

वच्छलाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

खरी गोष्ट अशी होती की त्यांना भीती वाटायची. सगळ्यांच्या देखत त्या चार पावलं टाकत. एकट्या असल्या की खाटेवरून हलत नसत. नवा गुडघा मधेच दगा देईल आणि आपण फरशीवर पडून राहू, असं सारखं मनात यायचं. पण जन्मभर कपाशी वेचलेल्या बाईनं असलं बोलायचं कुणाजवळ?

दुपारी घरात त्या आणि बुंदी, दोघीच असत. एकदा वच्छलाबाई शेंगदाणे खात बसल्या होत्या. बुंदी आली, उडी न मारता समोर बसली आणि तोंडाकडे बघत राहिली.

"मी नाय तुझी मास्तरीण. जा."

बुंदी हलली नाही. शेवटी बाईंनी एक दाणा टाकला. तो मटकावून बुंदी उठली आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसली. तिची शाळा तिथं भरायची ना!

"आता तिथं दाणा कोण आणून देणार, तुझा बाप?"

बुंदीनं शेपटी फरशीवर आपटली. वच्छलाबाईंनी इकडंतिकडं बघितलं, वॉकर ओढला आणि उठल्या. टक, टक. बुंदी पळत आली आणि त्यांच्या शेजारून चालू लागली. अर्ध्या वाटेत बाईंना धाप लागली. त्या स्वतःलाच म्हणाल्या, "थांब." तर बुंदीही थांबली! बाईंना असं हसू फुटलं की वॉकर थरथरला.

तेव्हापासून दुपारचं प्रत्येक काम म्हणजे शाळा झाली. पाणी प्यायला उठायचं तर "चल". खिडकीशी पोचलं की "बस". वाळलेल्या कपड्यांपाशी "थांब". लेकाला, सुनेला पत्ता नाही. शेंगदाण्याची बरणी भराभर उतरताना तनुजाला दिसायची, पण तिला वाटलं, सासूबाईंना दाण्यांची आवड आहे.

एका रविवारी सिल्लोडहून वच्छलाबाईंची नणंद आवडाबाई आली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. लेक ऑपरेशनसाठी मागं लागलेला, आणि हिनं मनातून "नाय" ठरवलेलं. तरी एकदा वहिनीची गत डोळ्यांनी बघावी म्हणून आलेली. दारातच बुंदी दिसली आणि ती उंबऱ्यावर थिजली.

"आगं बाई, कुत्रं!"

"काय करत नाय, वन्सं. आमची बुंदी शिकलेली हाय," वच्छलाबाई खाटेवरून म्हणाल्या. "बुंदे, बस!"

बुंदीनं जांभई दिली आणि कान खाजवला.

"बस म्हनते ना!"

बुंदी नुसती शेपटी हलवत राहिली.

"लई शिकलीय की," आवडाबाई म्हणाली.

"आई, तिला माझ्या आवाजाची सवय आहे, म्हणून..." तनुजा सावरायला गेली.

"तुझ्या? आन् रोज दुपारी हिला शिकवतं कोन?" वच्छलाबाई ठसक्यात बोलून गेल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. बसल्या बसल्या त्यांनी बुंदीला कधी काही सांगितलंच नव्हतं.

त्यांनी वॉकर ओढला आणि उभ्या राहिल्या. टक. बुंदीचा पडलेला कानही उभा राहिला. ती धावत येऊन डाव्या बाजूला लागली. "चल." दोघी निघाल्या. टक, टक, खोली ओलांडून थेट दारापर्यंत. "थांब." थांबली. "बस." बुंदी आवडाबाईच्या पायाशी अशी बसली जशी पंगतीला पाहुणी.

तनुजाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. दाढी करता करता शिवराज गालावर फेस घेऊन बाहेर आला होता.

"आई, तू एवढी चालतेस? कधीपासून?"

आवडाबाई मात्र वहिनीच्या गुडघ्याकडे बघत होती. "वैनी, दुखत नाय व्हय?"

"दुखतंय की. पन आधीसारखं नाय. आधी भ्या वाटायचं. आता हिच्या नादात इसरून जाते."

"डाक्टर कोन तुझा?" आवडाबाईनं हळूच विचारलं. मग वच्छलाबाईंनी कनवटीतून काढलेला एक दाणा घेतला आणि लांबूनच बुंदीपुढे धरला. "बस, बाई, बस."

"बसलीय ती आधीच! आता द्या तरी!" शिवराज म्हणाला, आणि सगळं घर हसलं. बुंदीनं दाणा अलगद उचलला. ओल्या नाकाचा स्पर्श झाला तशी आवडाबाई शहारली, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"चला वन्सं, गेटपर्यंत जाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्या शाळंचा अजून एक तास बाकी हाय."

आणि निघाल्या की! पुढं वॉकर, शेजारी बुंदी, आणि मागं दोन बोटांत बुंदीचा पट्टा धरून, पदर सावरत आवडाबाई.