दारातली फौजदारीण

जिन्यात पाऊल वाजलं की घरमालकीण काकूंचं दार बोटभर उघडायचं. आधी नाक बाहेर यायचं, मागून डोळे.

"आज लवकर निघालात?"

"ऑफिसात काम साठलंय, काकू."

"हिशेबाचंच ना तुमचं? पेशंटांशी संबंध येत नाही ना?"

"छे हो! मी आपली आतल्या खोलीत. पेशंट दिसतसुद्धा नाहीत."

ती चार पायऱ्या उतरली की मागे फवारा सुरू. तिचा हात लागला न लागला त्या कठड्याला जंतुनाशकाची अंघोळ! त्या दिवशी खाली येऊन तिने वर पाहिलं, तर गॅलरीत काकूंचे यजमान एवढ्या उकाड्यात मफलर गुंडाळून उभे. यांचं काही कळत नाही, असं म्हणून ती चालू लागली.

खरं म्हणजे हिशेबाशी तिचा संबंध पगाराच्या दिवसापुरता. कॅन्सर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ती नर्स होती, आणि केमोची सलाइन लावण्यात तिचा हातखंडा होता. पण साथ आली आणि आधीच्या घरमालकाने "तुम्ही रोगातून येता" म्हणून खोली सोडायला लावली. म्हाताऱ्या आईला घेऊन दारोदार फिरल्यावर इथे जागा मिळाली, ती या थापेवर. गणवेश रुग्णालयातच ठेवायचा, येता-जाता साधी साडी नेसायची आणि काकूंच्या नजरेला नजर द्यायची नाही. ही थाप उघडी पडली तर आईला घेऊन पुन्हा रस्त्यावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि सकाळी खोटं बोलून निघालेली ही बाई दिवसभर खोटं बोलणाऱ्यांना पकडायची. साथीच्या काळात तिला विभागाच्या दारात उभं केलं होतं, हातात कपाळावर रोखायची तापमापकाची बंदूक देऊन. ज्याला ताप असेल त्याला घरी पाठवायचं, असा नियम होता. आत बसलेल्यांची प्रतिकारशक्ती आधीच मोडकळीला आलेली, म्हणून तो केलेला. पण केमोची तारीख चुकली की आजार काही थांबून राहत नाही, हे पेशंटनाही कळत होतं. मग कुणी वाटेतच तापाची गोळी घ्यायचं, तर कुणी फाटकाबाहेर ओल्या रुमालाने कपाळ गार करून यायचं. तिने सगळ्या युक्त्या ओळखल्या होत्या. ओलं कपाळ दिसलं की तिचा हात थेट मानेमागे जायचा. पेशंट तिला फौजदारीण म्हणत, हे तिच्या कानावर आलं होतं आणि खोटं कशाला सांगा, तिला ते आवडलंही होतं.

त्या सकाळी रांगेत शिंपीकाका होते, सूनबाईंच्या आधाराने उभे. हे काका माणसाचं माप नजरेनेच घ्यायचे. "सिस्टर, खांद्यात अर्धा इंच उतरलात, जेवत नाही का?" असं काहीतरी दर वेळी ठरलेलं. आज गप्प होते. बंदुकीने ताप नाही म्हणून सांगितलं. कपाळ गार आणि ओलं होतं, आणि सूनबाई स्वतःच्या चपलांकडे बघत होती. फौजदारीणबाईंचा हात मानेमागे गेला. चटका बसला.

"गोळी कधी घेतलीत?"

"कसली गोळी?" काका पुटपुटले.

"मला शिकवता? घरी जा. ताप उतरला की या."

काका वळले. दोन पायऱ्या उतरले आणि भिंतीला धरून खालीच बसले.

रक्त तपासायला घेतात त्या खिडकीतून मोठ्या सिस्टरनी हे पाहिलं आणि त्या तशाच बाहेर धावल्या. "शेवटची केमो कधी झाली?" सूनबाई म्हणाली, "गेल्या आठवड्यात." मोठ्या सिस्टरनी चाकाची खुर्ची मागवली, काकांना मागच्या रिकाम्या व्हरांड्यात नेलं आणि डॉक्टरांना बोलावलं. रक्त काढलं, सलाइन लावली, औषध चढवलं. फौजदारीण मदत करत होती.

"मोठ्या सिस्टर, नियम..."

"नियम मीही वाचलाय. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हाचा ताप म्हणजे घराला लागलेली आग. तासाभरात औषध गेलं नाही तर माणूस हातचा जातो. घरी जाऊन करणार काय होते हे?"

"पण ते खोटं बोलले!"

"का बोलले? खरं सांगितलं की आपण दार लावतो, म्हणून. अगं, ताप शोधायचा तो माणूस हाकलायला की वाचवायला?"

खोटं ते खोटंच, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जिना आठवला. पेशंट दिसतसुद्धा नाहीत! चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं. काका कपाळ गार करून दारात उभे राहिले होते. तीही रोज सकाळी तेच करत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत काकांचा ताप उतरला. तो साथीचा नव्हताच. जाताना ती भेटायला गेली, तर काका म्हणाले, "फौजदारीणबाई, पकडलंत ते बरं केलंत. पण पकडून सोडून देत जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या संमतीने व्हरांड्यात पडदे लागले, वेगळं दार उघडलं. तिने रांगेला सांगितलं, "कुणाला ताप असेल तर सांगा. परत पाठवणार नाही, त्या दाराने आत घेऊ."

कुणी हललं नाही. फौजदारीण गोड बोलते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. शेवटी एक बाई हळूच म्हणाली, "मला पहाटे कणकण होती. गोळी घेतलीय." तिला खरंच आत नेताना सगळी रांग मान वळवून बघत राहिली. मग आणखी दोघे पुढे आले.

त्या संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं आणि काकूंचं दार बोटभर उघडलं. ती खालच्या पायरीवरच थांबली.

"काकू, मी हिशेब बघत नाही. मी नर्स आहे, रोज पेशंटना हात लावते. काळजी सगळी घेते, पण तुमच्याशी खोटं बोलले. खोली सोडा म्हणालात तर सोडीन, फक्त आईसाठी थोडे दिवस द्या."

दार मिटलं. आता फवारा, म्हणून ती उभी राहिली. फवारा काही सुटला नाही. थोड्या वेळाने दार उघडलं, या खेपेला पुरतं. तोंडाला पदर लावून काकू रडत होत्या.

"यांना तीन दिवस ताप आहे हो. बिल्डिंगवाले वाळीत टाकतील म्हणून कुणाला बोलले नाही. गोळ्या देऊन गॅलरीत उभं करत होते, लोकांना दिसावेत म्हणून."

शंभर जणांचा ताप ओळखणाऱ्या फौजदारीणबाईंना डोक्यावरच्या गॅलरीतला ताप दिसला नव्हता!

"रडू नका," ती पिशवीतून मास्क काढत म्हणाली. "आधी खिडक्या उघडा. शेवटची गोळी कधी दिलीत?"

काल तोच प्रश्न तिने दटावून विचारला होता. आज काकूंनी तिला सगळं खरं सांगितलं.

मंडळी, साथ येते आणि जाते. संशयाने ती अडत नाही, फक्त लपून बसते. म्हणून आपल्या घराला, दवाखान्याला, वस्तीला एक दार असं ठेवा, जिथून खरं बोलणारा माणूस आत येऊ शकेल.