मोकळा राहिलेला फासा

दिव्याने विणलेलं पहिलं जाळं दाराशी टांगलं होतं आणि तिची सासू यशोदा शेजारच्या मथुरेला मोठ्या कौतुकाने सांगत होती, "वाढीव घरा खंय घातल्यान ती शोध बघू. माका गावली नाय!"

खरंच दिसत नव्हती. हाताने फेकायचं जाळं शेंड्याकडून खाली रुंद होत जातं. त्यासाठी मधेच एक जास्तीचा फासा सोडायचा, हेच वाढीव घर, आणि पुढच्या फेरीत तो उचलून इतर घरांसारखाच विणून घ्यायचा. काजूच्या गावातून देवबागेत आलेल्या या सुनेने त्यात सासूलाही मागे टाकलं होतं.

"पण फासो नीट उचलूक व्हयो," यशोदा म्हणाली. "एक फासो मोकळो रवलो, की फेकताना हाताचा बोट अडाकता. माझो धाकटो दीर तसोच गेलो. जाळ्याच्या शिशाच्या वजनान, जाळ्यावांगडाच पाण्याखाली."

दिव्याने चमकून जाळ्याकडे पाहिलं. काल शेवटच्या फेरीत तिचं एक घर कमी भरलं होतं, म्हणजे कुठलातरी फासा उचलायचा राहिला होता. उसवायचं सोडून या शहाणीने काठालाच एक घर गुपचूप वाढवून मोजणी जुळवली होती!

एवढ्यात तिच्या नवऱ्याने, सिद्धेशने, जाळं खांद्यावर घेतलं.

"थांब, वायच बघतंय." ती घरामागून घर चाचपू लागली. तिचं तिलाच काही सापडेना. खरं सांगून टाकायचं, तर समोर मथुरा उभी.

"पुरे गो, नजर लागात," म्हणत सिद्धेश हसत निघूनही गेला.

लाजेपायी ती घटकाभर तशीच उभी राहिली. मग भीतीने तिला खाडीकडे पळवलं. तो होडीत उभा होता, दोर मनगटाला, हात मागे नेलेला. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि जीव खाऊन ओरडली, "टाकू नको! एक फासो मोकळो रवलो! मिया लपयलंय!"

काठावरची माणसं हसली. सिद्धेश चिडूनच परतला. "खंय आसा? दाखव!" म्हणत त्याने नेहमीच्या पकडीने जाळं मुठीत धरलं, आणि मधलं बोट मुळापर्यंत त्या मोकळ्या फाशात गेलं.

त्याने ओढलं. निघेना. जोर केला, तसा फासा आणखी आवळला. हसू थांबलं. बोट काळंनिळं पडलं. शेवटी दिव्यानेच सुरी घालून दोरा कापला.

सिद्धेशने एकदा खाडीच्या पाण्याकडे पाहिलं आणि तो मटकन वाळूत बसला.