थोरल्याचं नाव

शिडीवरच्या पेंटरनं खडूनं शेवटचं अक्षर काढलं, मान मागे घेऊन एक डोळा मिटला आणि खाली विचारलं, "मावशी, नीट बघून घ्या. एकदा रंग चढला की मग बोलायचं नाही."

दुकानाच्या दारात उभी राहून ती पाटीकडे बघत राहिली. 'उम्म अनीस. कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील.' चाळीस वर्षं दुकान बिनपाटीचं चाललं होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी तिनं आखूड केल्या होत्या, उरलेल्यांच्या कमरा वाढवल्या होत्या. पाटीवाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण मुलाच्या मनानं घेतलं, आणि त्याच्या मनानं एकदा घेतलं की ते होईपर्यंत तो कुणाला स्वस्थ बसू देत नसे.

"उम्म अनीस हे मावशींचं नाव का?" पेंटरनं विचारलं.

शिडी धरून उभ्या असलेल्या मुलाला बोलायला निमित्तच हवं होतं. शाळेची बस चालवताना पोरांचं डोकं खाणारा तो. पेंटर त्याच्या तावडीतून कुठला सुटायला.

"नाव कसलं हो. आम्हा अरबी बोलणाऱ्यांत बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. उम्म म्हणजे आई. अनीसची आई. तो अनीस मी."

"आमच्यात तरी काय वेगळं? माझ्या आईला अख्खी आळी पिंट्याची आई म्हणायची. पण तुमच्या नावाला काही अर्थ असेल."

"आहे तर. अनीस म्हणजे सोबती. ज्याच्यामुळे माणसाला एकटं वाटत नाही, असा. म्हणून तर इतका बोलतो. नावाला जागतो मी."

पेंटर हसला. ती मात्र गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत राहिली.

या गल्लीत ती आली तेव्हा मुलगा कडेवर होता. लोकांनी मूल बघितलं आणि उम्म अनीस म्हणायला लागले. त्याआधीच्या गावात एकोणीस दिवस बायका तिला दुसऱ्या नावानं हाक मारत होत्या. विसाव्या दिवसापासून त्यांनी हाक मारायचंच सोडलं. पोराच्या डोक्यावर कशाला ओझं, म्हणून नवराबायकोनं कधी विषय काढला नाही. सहा वर्षांपूर्वी नवराही गेला. आता ते नाव माहीत असलेली ती एकटी उरली होती. आणि खाली मुलगा उभा होता, पाटीवर आपलं नाव बघून लहान पोरासारखा खूश.

"पुसा," ती म्हणाली.

"का गं? काय चुकलं?"

"उम्म सालिम लिहा."

"हा कोण सालिम? कुणी जुनं गिऱ्हाईक?"

"तुझा थोरला भाऊ."

मुलगा हसत होता, तो तसाच थांबला.

"एकोणीस दिवस होता," टेप सोडवत ती म्हणाली. "सालिम म्हणजे सुखरूप. नाव तुझ्या बाबांनी ठेवलं होतं. मग दोन वर्षांनी तू झालास. तुझं नाव मी ठेवलं."

मुलानं वर पाटीकडे बघितलं. खडूनं लिहिलेलं आपलं नाव त्यानं हळूहळू, अक्षर लावत वाचलं. उगाच बोलले, असं तिला वाटून गेलं.

"म्हणजे मी धाकटा," तो अखेर म्हणाला.

"हो."

"मग इतकी वर्षं थोरल्याची कामं माझ्याकडून का करून घेतलीस?"

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठांचा कोपरा वर गेला होता.

"केस होते त्याला?" त्यानं विचारलं.

"भरपूर. पार कपाळावर यायचे."

त्यानं स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "बघ. तेही थोरल्यालाच."

तिला हसू आवरेना. दाराची चौकट धरावी लागली.

फडकं हातात घेऊन पेंटर शिडीवर अवघडून उभा होता. "मग पुसू ना?"

"तुम्ही उतरा," मुलगा म्हणाला. "मी पुसतो."