आठ अक्षरं, दोन आवाज

"लिहिलेलं वाचता येते ना मले? मंग फ्रेंच का नि माडिया का, सारखंच," म्हणत गुणवंतरावांनी लेकीच्या हातातली वही ओढली. तीस वर्षं त्यांनी भामरागडच्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं होतं. 'beaucoup' या पहिल्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर खणखणीत फोडलं, "बे-आ-उ-को-उप."

"बो-कू," नीलिमा म्हणाली. "म्हणजे लय."

"आठ अक्षरं नि आवाज दोनच? बाकीचे गेले कुठी?"

"पुरात वाहून गेले, बाबा."

दोघं शाळेच्या स्लॅबवर उभे होते. पुलावर पाणी चढून तीन दिवस झाले होते. गावात नेटवर्क फक्त इथंच, तेही एकच दांडी. अकरा वाजता पाँडिचेरीच्या हॉटेलातून मॅडमचा फोन येणार होता. तोंडी परीक्षा. पास झाली तर नोकरी. नाही तर आरमोरीचा पोरगा होताच. त्याच्या आईनं हॉलसुद्धा बघून ठेवला होता.

"शेवटचं अक्षर लिहितेत, पण बोलत नाई," नीलिमानं समजावलं.

"मंग लिहितेत काऊन? माह्या वर्गात असं लिहिलं असतं तं छडी खाल्ली असती."

"तुमी फक्त छत्री धरा, बाबा. नि एक शब्द बोलू नका."

फोन आला. नीलिमा वहीतला उतारा वाचू लागली. शो-को-ला. रेस-तो-राँ. दर शब्दाचं शेपूट ती गिळत होती नि गुणवंतरावांचा जीव कळवळत होता. पण तोंड बंद.

मॅडम खूश वाटल्या. मग पलीकडून एक लांबलचक प्रश्न आला. नीलिमाला त्यातलं 'सोमवार' कळलं, 'कामावर' कळलं. उत्तर 'हो' एवढंच द्यायचं होतं. फ्रेंचमध्ये त्याला 'वी' म्हणतात, एका दमात. घाबरून तिच्या तोंडून ते तुटलं, नि जोरात निघालं.

"उ-ई!"

"का चावलं वो पोरी?"

पुरात साप उंचावर चढतात, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं. त्यांनी छत्री मिटली नि तिच्या पायाशी सपासप हाणली. तिसऱ्यांदा उगारताना ती तिच्या कोपराला बसली नि हातातला फोन उडाला.

"बाबा, मी 'हो' म्हटलं!"

"मंग सरळ 'हो' म्हणत जा ना!"

फोन पटांगणात पडला. पटांगणात कमरेएवढं पाणी होतं.