नोराचं सोडलेलं पान

उद्या सकाळी सातला इरावतीला दवाखान्यात न्यायचं होतं. हृदयाला जन्मापासून बारीक छिद्र होतं, ते बुजवायचं. डॉक्टरांना रोजचंच. सहा वर्षांच्या इरालाही छिद्राचं काही नव्हतं. तिला धास्ती होती ऑपरेशनआधी औषधानं झोपवण्याची.

"नोरा नाही का पेटीत झोपत? उठतेच ना?" असं पूर्वानंच लेकीला समजावलं होतं. 'दूरयान' ही मालिका पूर्वा शाळेत होती तेव्हापासून टीव्हीवर चालू, आणि त्यातली अंतराळवीर नोरा थंड पेटीत झोपून दरवेळी ठणठणीत उठायची. इराला पटलं. मग जयेशमामानं परदेशीपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'दूरयान'ची कॉमिक्स आणून दिली. टीव्हीत न आलेल्या गोष्टी, हिंदीतल्या. पूर्वा त्या मराठीत सांगायची.

दुपारी इराचा डोळा लागल्यावर पूर्वानं शेवटचं कॉमिक पुढे चाळलं आणि एका पानावर ती थांबली. पेटीच्या काचेवर बर्फ चढला होता. आत नोरा मेलेली होती.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं भावाला फोन लावला. "अरे, न बघता आणलंस?"

"ताई, टेन्शन मत ले यार. कॉमिकातलं कोण खरं मानतं? टीव्हीत नोरा जिंदा आहे, बस!"

"हे माझ्या पोरीला येऊन सांग."

इरा उठली ती कॉमिक मागतच. ते पान आलं तशी पूर्वानं दोन पानं एकदम उलटली. "आणि मग नोरा उठली, सगळ्यांना भेटली."

 इरा हळूच म्हणाली, "आई, तू पन्ना सोडलास."

"नाही गं."

"मला वाचता येतं आता. सकाळीच वाचलं मी. 'नोरा नहीं रही' लिहिलंय. मला वाटलं, तू वाचलंस तर वेगळं निघेल." तिचे ओठ थरथरायला लागले. "तू का सोडलंस? मी पण नाही उठणार ना?"

 पूर्वानं लेकीला मांडीवर ओढलं. फ्रॉकच्या आत ते इवलंसं काळीज धडधडत होतं. तिनं पान परत उलटलं आणि जसंच्या तसं वाचलं. पेटी उघडायला यानात कुणी उरलंच नव्हतं.

"सगळे तिला सोडून गेले?"

"हो."

"तू जाशील?"

"आत येऊ देत नाहीत गं मला. पण दाराबाहेर बसेन. हलणार नाही."

"चहाला पण नाही?"

"नाही."

"सूसूला?"

पूर्वाला हसू फुटलं आणि डोळे भरले. "तेवढ्यापुरतं मामाला बसवेन."

"मामा मोबाइल बघत बसतो." इरा खरोखर काळजीत पडली. "तू धावत ये." मग आईच्या तोंडाकडे निरखून बघत तिनं विचारलं, "तुला भीती वाटते?"

नाही म्हणायचं पूर्वाच्या ओठांवर आलं होतं.

"खूप," ती म्हणाली.

इरानं तिची ओढणी मुठीत घट्ट धरली.