लाल ठिपक्याचं ताट

यतीन बोकारेला ब्लीचच्या वासाची शिसारी बसली ती न्यू जर्सीतल्या आयसेलिनला. त्याआधी तो वास आला की त्याला नागपूरचा पोहण्याचा तलाव आठवायचा आणि बरं वाटायचं. आयसेलिनला तो विदर्भातल्याच तीन पोरांबरोबर राहत होता. एका रविवारी सकाळी त्यांतला संजीव दार न वाजवता खोलीत शिरला आणि यतीनच्या कुशीत झोपलेला ऋषी त्याला दिसला. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून यतीन आंघोळ करून बाहेर आला की संजीव आत जायचा आणि टबात अर्धी बाटली ब्लीच ओतायचा. फ्रीजमधला सगळ्यात खालचा कप्पा यतीनचा झाला, त्याचा टॉवेल खुंटीवरून त्याच्या दाराच्या कडीवर आला. हाच संजीव महिना-महिना न धुतलेली जीन्स घालायचा, आणि त्याच्या खरकट्या कुकरला बुरशी धरायची. अशा माणसाला स्वच्छतेचा झटका आला, आणि तो यतीनच्या अंगावर आला.

म्हणून २००६च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये काम मिळालं तेव्हा यतीनने दुसरा विचार केला नाही. नवं गाव, कोणी ओळखीचं नाही, पाटी कोरी. ऋषी मागाहून यायचा होता. तो जन्माने न्यू जर्सीचा, एका शाळेत गणित शिकवायचा. नोकरी सोडायची तर ऑक्टोबरअखेर शाळेला कळवावं लागणार होतं. त्याची एकच अट होती. "मी येतो, बट नॉट अ‍ॅज युअर रूममेट. जिथे राहशील तिथे लोकांना सांग मी कोण आहे. मग येतो." यतीनने शब्द दिला. देताना त्याला ते सोपं वाटलं होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मुकाट्याने एखादं अपार्टमेंट घेतलं असतं, शेजारी कोण राहतो ते कोणी विचारलंही नसतं. पण आपला माणूस भलत्या ठिकाणी विरघळतो. किराणा दुकानाच्या बोर्डावर यतीनला मराठीत लिहिलेली चिठ्ठी दिसली. बेसमेंट भाड्याने देणे आहे, महाराष्ट्रीय कुटुंब, जेवणाची सोय होईल. अक्षर वळणदार होतं. तीन वर्षं स्वतःच्या हातची खिचडी खाल्लेल्या माणसाला एवढं पुरे होतं. आगीतून उठला आणि फुफाट्यात जाऊन बसला, तोही आनंदाने.

घर मोरेश्वर आणि नीलांबरी ठोसर यांचं. काका पंचेचाळीस-शेहेचाळीसचे, रोज पहाटे धावणारे, बाटलीतलंच पाणी पिणारे. काकू माहेरच्या अमरावतीच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी यतीनला वर जेवायला बोलावलं, गोळाभात वाढला, वरून कढत फोडणी घातली, आणि चौकशीला लागल्या. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की तिसरं कोणीतरी ओळखीचं निघेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. बोकारे म्हणजे धरमपेठेतले का? नाही. आयसेलिनला कोणाबरोबर होतास? अमरावतीचं कोणी? गोळाभात पोटात गेलेला, डोळे पाणावलेले, आणि यतीनच्या तोंडून निघून गेलं, "संजीव होता ना, संजीव गुल्हाने. राजापेठेतला." काकूंचा चेहरा उजळला. अगं बाई, गुल्हाने वकिलांचा नातू! बोलून गेल्यावर यतीनला वाटलं की जीभ कापून टाकावी. पण आठवडा गेला, काही झालं नाही, आणि तो विसरला.

दुसऱ्या आठवड्यानंतर त्याच्या पुढ्यात वेगळं ताट येऊ लागलं. तसंच स्टीलचं, पण काठाला बाहेरून लाल नेलपॉलिशचा ठिपका. वाटीला ठिपका, पेल्यालाही. यतीनने विचारलं तेव्हा काकू हसून म्हणाल्या, "हे तुझं हो. तुझं तुला ओळखू यावं म्हणून."

ह्या गाढवाला काय आनंद झाला! त्याच्या घरी प्रत्येकाचं ताट ठरलेलं असायचं, मागे नाव कोरलेलं. आजोबांच्या ताटात दुसरं कोणी जेवलं तर आजोबा उठून जायचे. ज्याचं ताट घरात, तो माणूस घरातला. त्याने त्याच दिवशी ऋषीला फोन करून सांगितलं की मला घरचं ताट मिळालं. ऋषीला यात फोन करण्यासारखं काय आहे ते कळेना. यतीनने त्याला दहा मिनिटं समजावलं, शेवटी म्हणाला, की ही माणसं वेगळी आहेत, यांना सांगता येईल, ऑक्टोबरच्या आत सांगतो. ताटाला कधीकधी पोहण्याच्या तलावाचा वास यायचा. त्याला वाटे, काकू फार टापटिपीच्या. नाकाला कळत होतं, पण मनाला कळून घ्यायचं नव्हतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी त्याने सांगायचं ठरवलं. दुकानातून जिलेबी आणली आणि जेवणाच्या जरा आधी वर गेला. काका आंघोळीला गेले होते, काकू देवापाशी. नुसतं बसून राहण्यापेक्षा पानं घ्यावीत म्हणून त्याने ताटं काढली. दोन सापडली, तिसरं, म्हणजे त्याचं, मांडणीत नव्हतं. कांदा कापायला घ्यावा म्हणून तो कपडे धुण्याच्या खोलीत गेला, कांद्यांची पिशवी तिथे असायची. आणि तिथे, वॉशिंग मशीनच्या शेजारच्या फळीवर, त्याचं ताट होतं. ताट, वाटी, पेला, तिन्ही पालथी. बाजूला ब्लीचची बाटली, ब्लीचने पिवळट पडलेला एक स्पंज, आणि रबरी हातमोजे.

यतीनला ताबडतोब कळलं. उलगडा वगैरे काही व्हावा लागला नाही. टबातला वास, कडीवरचा टॉवेल, सगळं एकदम आठवलं. सहा आठवडे तो ह्या ताटात बोटं चाटूनपुसून जेवला होता आणि वर आभारही मानले होते. त्याची त्यालाच किळस आली. जिलेबी आणली होती, जिलेबी!

तो उलट पावली बेसमेंटमध्ये गेला असता तर त्याच्या आजवरच्या स्वभावाला धरून झालं असतं. त्याने तसं केलं नाही. ताट-वाटी उचलून आणली आणि काकांच्या जागेवर मांडली. स्वतःपुढे कोरं ताट घेतलं. भात वाढला, आमटी वाढली, काकांच्या ताटाचा ठिपका भिंतीकडे वळवला. काका पुसलेल्या केसांनी येऊन बसले, आज मुलाने वाढलंय वाटतं म्हणाले, आणि पहिला घास घेतला. दुसराही घेतला.

काकू देवाचं आटपून प्रसादाची वाटी घेऊन आल्या. त्यांची नजर आधी यतीनच्या ताटावर गेली, मग काकांच्या.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "ते त्याचं आहे."

काकांनी ताट फिरवलं, ठिपका पाहिला. मग ते उठले, सिंकपाशी गेले आणि चूळ भरली. एक नाही, पाच-सहा. खळाखळा, घशापर्यंत पाणी घेऊन, बोटं जिभेच्या मुळाशी घालून. ओकारीचा तो आवाज स्वयंपाकघरभर झाला. मास्टर्स केलेला माणूस, भल्या कंपनीत डायरेक्टर, आणि दोन घास भातासाठी आतडी बाहेर काढायला निघाला होता. यतीन बघत राहिला. त्याला सगळ्यात घाण वाटली ती त्याच्या स्वतःच्याच मनात आलेल्या एका वाक्याची. त्याला म्हणायचं होतं, 'मला काही आजार नाही हो.' म्हणजे असता, तर हे सगळं रास्त होतं की काय? ते वाक्य त्याने गिळलं.

संजीवने दुसऱ्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं, हे मग बाहेर आलं. काकूंनीच फोन केला होता त्याला, ओळख काढायला. काकू रडत होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर गंमत. त्यांच्या मते त्यांच्यावर अन्याय झाला होता.

"आम्ही तुला कधी तोंडावर काही बोललो का?" त्या म्हणाल्या. "सगळं माहीत असून राहू दिलं. गरम जेवू घातलं. दुसऱ्या कोणी दारात उभं केलं असतं का? थोडं जपावं लागतं, बाबा. तेवढं तू समजून घ्यायचं."

काका टॉवेलने तोंड पुसत आले. त्यांनी एवढंच विचारलं की हे सगळं नागपूरला आईला माहीत आहे का. यतीन म्हणाला, नाही. मग तो खाली गेला. जिलेबीचा पुडा ओट्यावर तसाच राहिला.

पण काकूंचं ते वाक्य त्याच्या मागोमाग जिना उतरून आलं. आम्ही तुला कधी काही बोललो का. हे त्याने आधी ऐकलं होतं, अगदी ह्याच सुरात. आठवायला फार वेळ लागला नाही. आई म्हणायची. अहिल्याबाईबद्दल म्हणायची. तिला आपण कधी काही बोलतो का? चहा देतो, दिवाळीला साडी देतो.

अहिल्याबाई त्यांच्याकडे वीस वर्षं भांडी घासायला होती. नाव कोरलेली सगळी ताटं तिच्या हातून स्वच्छ होऊन मांडणीत जायची, त्यात कोणाला विटाळ नव्हता. पण तिचा कप वेगळा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा, मागच्या खिडकीत पालथा. तिनेच विसळायचा, तिनेच पालथा घालायचा. शाळेतून आल्यावर तिला चहा द्यायचं काम यतीनचं होतं, आणि भांड्याचा काठ कपाला लागू नये म्हणून चहा वरून ओतायचा हे त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. दहाव्या वर्षी तो वीतभर उंचीवरून एक थेंब न सांडता ओतायचा. आई कौतुक करायची. अहिल्याबाईही हसायची. ती का हसायची हा प्रश्न त्याला एकोणतिसाव्या वर्षी, व्हर्जिनियातल्या एका तळघरात पडला. तो बाथरूममध्ये गेला आणि जे काही पोटात होतं ते ओकला.

पुढच्या शनिवारी ऋषी जर्सीहून गाडी घेऊन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक अपार्टमेंट मिळालं होतं. भाड्याच्या करारावर दोघांची नावं होती, आणि ऑफिसातल्या बाईने वर न बघता शिक्का मारला होता. सामान बाहेर काढताना बेसमेंटच्या जिन्यावर किराणा दुकानाची एक पिशवी गाठ मारून ठेवलेली दिसली. आत ताट, वाटी, पेला. काका-काकू वरच्या मजल्यावर होते, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, पण खाली कोणी आलं नाही.

ऋषी म्हणाला, "धिस इज सिक, यतीन. डम्पस्टरमध्ये टाक."

यतीनने टाकलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन तो गाडीत बसला. ऋषीने विचारलं की काकाकाकूंशी आता आपला काय संबंध, हे कशाला घेतलंस? सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे नागपूरला संध्याकाळचे साडेसात. आईची दिवाबत्ती झालेली असणार. यतीनने खिशातून कॉलिंग कार्ड काढलं, मोबाइलवर नंबर दाबले.

आईने आधी जेवणाचं विचारलं, मग थंडीचं. मग ठोसरांकडचं कसं काय चाललंय ते विचारलं. यतीनने मध्येच विचारलं की मागच्या खिडकीतला तो निळ्या फुलांचा कप आहे का अजून.

"अहिल्याबाईचा?" आई म्हणाली. "आहे की. ती गेली आता मुलाकडे. नवीन बाई लावलीय, ती वापरते. का रे?"

"आई, मी त्यातून कधी चहा प्यायलोय का गं?"

"शी," आई म्हणाली. "त्यातून आपण कशाला पिऊ?"

त्या 'शी'मध्ये राग नव्हता, दुष्टावा नव्हता. लहानपणी रस्त्यावरची वस्तू उचलली की ती जसं म्हणायची, तसंच ती म्हणाली. यतीनने मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली, ताट बाहेर काढलं. लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला, नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. ऋषी गाडी चालू न करता त्याच्याकडे बघत बसला होता.

"तो कप टाकू नकोस," यतीन म्हणाला. "डिसेंबरात मी येणार आहे. तेव्हा लागेल."

"कोणाला लागेल?"

"मला. का ते सांगतो, आई. खाली बस आणि ऐक."